निळ्याचा अंगठा

माझ्याकडे खेळण्यातले त्रेचाळीस रोबो आहेत आणि एकाच्याही हातात हत्यार नाही. विज्ञानकथांच्या मालिकांमधले हे रोबो म्हणजे मुळात लढवय्ये. बनवणारे प्रत्येकाबरोबर बंदूक, तलवार, ढाल असं काहीतरी देतातच. आम्हा गोळा करणाऱ्यांच्या जमातीत एक बंदूक हरवली तरी रोबो अपुरा ठरतो. तसं बघितलं तर मंगळवार पेठेतल्या माझ्या हॉलमधलं काचेचं कपाट हे अख्खं अपुऱ्यांचं कपाट आहे. मागे पुण्याहून एक संग्राहक खास बघायला आले होते. कपाट बघून त्यांचा चेहरा सुतकात बसल्यासारखा झाला. मी त्यांना चहा दिला, कारण सांगितलं नाही.

मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. हा नाद लहानपणीचा. शाळेतून आलं की टीव्हीवर परदेशी मालिका लागायच्या आणि त्यातले रोबो चक्क हिंदीत भांडायचे. मुलींनी हे बघायचं नसतं असं मला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. पहिल्या पगारात निळा रोबो घेतला. गुडघ्यात वाकणारा, प्रत्येक बोट वेगळं हलवता येणारा. पुढे लग्न केलं नाही आणि रोबो वाढत गेले. या दोन गोष्टींचा संबंध नातेवाइकांनी जोडला, मी नाही.

वडील गेल्यावर आई कुरुंदवाडहून माझ्याकडे राहायला आली ती एक पत्र्याची ट्रंक घेऊन. बारापेक्षा जास्त साड्या ठेवायच्या नाहीत असं तिचं व्रत आहे. कुणी तेरावी नेसवली की जुनी एक कुणाला तरी देऊन टाकते. मला मात्र ती कधी 'आता पुरे कर' म्हणाली नाही. तिची अडचण वेगळीच होती. सकाळी ती पूर्वेला तोंड करून जपाला बसायची, आणि पूर्वेला माझं कपाट.

"डोळं उघडलं की सगळ्या बंदुका माझ्याकडंच," ती एकदा म्हणाली. "जैनाच्या घरात एवढी हत्यारं बरी न्हाईत. काढून ठेवू काय?"

मी मोबाईलमध्ये डोकं घालून बसले होते. "कर काय ते," म्हणाले. म्हणाले आणि विसरले.

गेल्या वर्षी भाद्रपदात आमचं दहा दिवसांचं पर्व सुरू झालं. दुसऱ्याच दिवशी मला कामासाठी सांगलीला जावं लागलं. संध्याकाळी परत आले तर कपाटातले सगळे रोबो रिकाम्या मुठी पुढे करून उभे. आईनं दिवसभर बसून एकेक हत्यार उपसून काढलं होतं. त्यात निळ्याचा अंगठा मोडला होता.

आमच्या घराण्यात राग कुणालाच नाही, सगळा माझ्याच वाट्याला आला आहे. मी तोंडाचा पट्टा सोडला. शेवटी म्हणाले, "माझ्या घरात राहायचं असेल तर माझ्या वस्तूंना हात लावायचा नाही." आई दोन ताटं वाढून माझी वाट बघत बसली होती. दिवस मावळल्यावर ती जेवत नाही, हे मला जन्मापासून माहीत आहे. माझं बोलून संपलं तेव्हा बाहेर दिवे लागले होते. तिनं तिच्या ताटातलं पुन्हा भांड्यांत काढून ठेवलं आणि माझं ताट तेवढं झाकलं. सकाळी ट्रंक घेऊन ती एसटीनं मामाकडे कुरुंदवाडला गेली.

जाताना स्वयंपाकघरातल्या ओट्यावर फरसाणाचा जुना डबा ठेवून गेली. चार दिवस मी त्याच्याकडे बघितलं नाही. पाचव्या दिवशी हत्यारं परत बसवायला म्हणून उघडला. आत कागदाच्या पुड्या होत्या, औषधाच्या असतात तशा, आणि प्रत्येकीवर तिचं गोल अक्षर. 'लाल, शिंगवाला, उजवा हात.' 'पांढरा बुटका, दोन्ही हात.' 'पंखवाला, पाठीवरची.' दुसऱ्याची वस्तू घेतली की चोरी होते, म्हणून तिनं त्या घेतल्या नव्हत्या, नुसत्या ठेवल्या होत्या, आणि एकाची दुसऱ्याला जाऊ नये याची काळजी घेतली होती. तळाशी सगळ्यांत छोटी पुडी होती. 'निळ्याचा अंगठा. माझ्याकडून मोडला.'

तेव्हा मला ती 'काढून ठेवू काय' म्हणाली होती ते आठवलं. मी डबा बंद केला. फोन मात्र केला नाही. चूक कळली तरी मान वाकायला वेळ लागतो, माझी तर फारच ताठ.

पर्व संपलं की क्षमावाणी येते. वर्षभरात ज्यांना ज्यांना दुखावलं असेल त्यांची त्या दिवशी क्षमा मागायची. मी दर वर्षी मोबाईलवर एक छापील संदेश एका फटक्यात सगळ्यांना पाठवते, 'कळत-नकळत मन दुखावले असल्यास क्षमा असावी', खाली हात जोडलेले. त्याही सकाळी पाठवला. यादीत आईचं नाव होतंच. सगळ्यांकडून तसलेच जोडलेले हात परत आले. आईचं उत्तर तेवढं वेगळं होतं.

'हे कशाबद्दल?'

मी दुपारची एसटी पकडली. गणपतीहून परतणाऱ्या पाव्हण्यांची गर्दी होती, इचलकरंजीपर्यंत उभी होते. सगळ्या वाटेत मी आईला काय म्हणायचं ते वाक्य मनात जुळवत होते. वर्गात साठ पोरांपुढे मला कधी शब्द शोधावे लागत नाहीत.

मामाच्या घरी बाहेरच्या सोप्यात माणसं येत होती, हात जोडून क्षमा मागून जात होती. आई भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. सगळे बघत होते, बघू देत म्हटलं.

"तू विचारलंस ना, कशाबद्दल," मी म्हणाले. "'माझ्या घरात' म्हणाले, त्याबद्दल. आणि त्या संध्याकाळी तुला उपाशी ठेवलं, त्याबद्दल."

आईनं मान हलवली. लहानपणी मी धडा पाठ म्हणून दाखवल्यावर हलवायची तशीच.

"आता माझं ऐक. निळ्याचा अंगठा माझ्याकडनं मोडला, त्याची मला क्षमा कर. बंदुका काढल्या त्याची न्हाय मागत. इचारून काढल्यात मी."

"हो," मी म्हणाले. मग म्हणाले, "आई, घरी चल."

"कुणाच्या?"

टोमणा नव्हता त्यात. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि उत्तरावर सगळं अवलंबून होतं.

"आपल्या," मी म्हणाले, आणि मला रडू आलं.

दिवस मावळायला अजून अवकाश होता. मामीनं ताटं वाढली. आईचं जेवण होईपर्यंत मी तोंडातून अक्षर काढलं नाही. मग तिनं ट्रंकेची एक कडी धरली, दुसरी मी.