हरणाबाईने जोडलेला फोटो

दिवाळी झाली की आटपाडीकडची मेंढरं आमच्या पलूसच्या शिवारात उतरतात. रिकाम्या रानात ती बसवली की खताची सोय होते. हरणाबाई आणि तिचा नवरा भाऊसो पंधरा वर्षं आमच्याच रानात येतात. पण खरं सांगते, मी तिला शहाणी कधी समजले नाही. बाईला अक्षरओळख नाही, आणि यंदा चक्क मोबाइल घेऊन आली!

"काय गं, मेंढरांना फोन लावतेस का?" मी चिडवलं.

"लावला तर उचलत्याली का, आक्काताई?" ती हसून म्हणाली.

एका सकाळी ती दारात उभी. मागे भाऊसो, भिंतीला धरून. आठ दिवस त्याच्या अंगात त्राण नव्हतं, पण मेंढरं सोडून दवाखान्यात जायला तो तयार नव्हता.

"तुमच्या गच्चीवर रेंज हाय. मालकास्नी फोनवर डाक्टरला दावायचंय," हरणाबाई म्हणाली.

सरकारी डॉक्टर फोनवर फुकट तपासतात, हे तिला तिच्या गावच्या आशा सेविकेनं शिकवलं होतं. कुठलं बटण कुठं, ते तिनं जागेवरून पाठ केलेलं. दोनशे मेंढरं तोंडावरून ओळखणाऱ्या बाईला दहा बटणांचं काय अवघड! मी पेपर वाचणारी बाई, पण मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

गच्चीवर गेल्यावर रिपोर्ट जोडायच्या जागी तिनं बोट ठेवलं आणि एक फोटो उघडला. मी वाकून पाहिलं आणि पदर नाकाला लावला. भाऊसोच्या विष्ठेचा फोटो!

"अगं बाई, तिथं तपासणीचे कागद लावतात!"

"कागुद न्हाईत. ह्येच हाय."

मी फोन काढून घ्यायला गेले, तोवर फोटो पोचलासुद्धा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पडद्यावर डॉक्टर प्रांजल आल्या. चेहरा गंभीर. "हा फोटो कुणी काढला?"

माफी मागायला मी तोंड उघडलं, पण हरणाबाईच बोलली. "म्या. असं तीन दिसांचं तीन फोटू हाईत. मेंढरू मलूल झालं की आमी आदी लेंडी बघतो. ही डांबरावानी काळी पडली, तवाच वळखलं, आत कायतरी बिगाडलंय. आन् ह्ये बगा." कुणी न सांगता तिनं भाऊसोची खालची पापणी ओढून फोनसमोर धरली. आतून पांढरीफटक.

"कसल्या गोळ्या घेतात का हे?"

"गुडघ्यासाठनं. दुकानातनं आणून रोज दोन. दोन म्हैनं झालं."

डॉक्टर म्हणाल्या, "मावशी, यांच्या पोटात रक्तस्राव होतोय. गोळ्या बंद करा आणि आत्ताच्या आत्ता सांगलीला न्या. तुम्ही जे पाहिलंत, ते इथे बसून मला कधीच दिसलं नसतं."

ज्याची मला किळस आली, तेच नेमकं डॉक्टरला हवं होतं. आणि मी ते पुसायला निघाले होते!

माझ्या मुलानं, वर्धमाननं, गाडी काढली. सांगलीत पोटात दुर्बीण घालून पाहिलं, जखम सापडली. तीन पिशव्या रक्त चढलं. तिथले डॉक्टर म्हणाले, दोन दिवस उशीर झाला असता तर माणूस गेला असता. मेंढरं आमच्या गड्यांनी राखली.

चौथ्या दिवशी मी भेटायला गेले. भाऊसोच्या गालावर रंग आला होता, आणि रागही. "आक्काताई, हिनं माजी आब्रू घालवली. माणसाला कुनी मेंढरावानी बघतं व्हय?"

"मग कसं बघू?" हरणाबाई उसळली. "आजवर एक तरी मेंढरू हातचं जाऊ दिलंय का म्या?"

एवढं बोलली, आणि चार दिवस न डगमगलेली ती बाई त्याच्या खाटेशी बसून ढसाढसा रडली.