मोरीला नाक लागतं

लग्नानंतरच्या आठवड्यात वेंगुर्ल्याहून पुण्याला निघाले, त्या सकाळी आई परसदारी मोरी साफ करत बसली होती. मोरी म्हणजे लहान शार्क, हात-दीड हात लांबीचा. पुण्यात कुणी त्याला मुशी म्हणतं. लेक कायमची निघालीय आणि ही बाई मासे काय साफ करतेय, असं तुम्हाला वाटेल. पण जावई जेवून निघणार होता आणि त्या दिवशी किनाऱ्यावर मोरी चांगली आली होती. रडणं वगैरे सगळं तिच्या लेखी नंतरचं. एसटीची वेळ झाली तशी ती हातावर नुसतं पाणी घेऊन आली आणि मला मनगटांनीच जवळ घेतलं. "हाताक वास हा, साडयेक लागात," म्हणाली. मीही नव्या साडीच्या काळजीने किंचित मागे सरले. सत्तावीस वर्षं झाली, ते मागे सरणं मला अजून टोचतं.

तुम्ही जे गावातच राहिलात त्यांना मोरी समजावून सांगायला नको. पण जे माझ्यासारखे धायरी, ठाणे नाहीतर दुबई धरून बसलेत, त्यांची मुलं मासा म्हणजे बोनलेस तुकडे असं समजतात. त्यांच्यासाठी सांगते. बाकीचा मासा डोळ्यांनी घेता येतो. कल्ला उचलून लाली बघायची, बोटाने दाबायचं, झालं. मोरी मात्र डोळ्यांना सरळ फसवते. शिळी झाली तरी पांढरी, घट्ट, अगदी सोज्वळ दिसते. बिघडते ती फक्त वासात. अमोनियाच्या बाटलीचं झाकण उघडावं तसा तो वास नाकात चढतो, आणि मग तो धुऊन जात नाही की मसाल्याने झाकला जात नाही. "मोरी डोळ्यांनी बघून घेव नको गो. नाक लाव," आई सांगायची. ताजी मिळाली की कढत पाण्यात बुडवायची, काचकागदासारखी खरखरीत कातडी नारळाच्या सोडणाने, म्हणजे वरच्या काथ्याने, घासून काढायची आणि मटणासारखी रांधायची. काटा नाही, नुसत्या मऊ कुर्च्या.

माझी लेक मुक्ता झाली तेव्हा मी बाळंतपणाला माहेरी गेले होते. आई एक दिवसाआड मोरी करायची, मिरची कमी, मिरी-लसूण जास्त. मोरी खाल्ली की बाळंतिणीला दूध येतं, असं आमच्याकडे मानतात. खरंखोटं देव जाणे. पण पहाटे उठून, चार टोपल्या हुंगून, कुणी आपल्यासाठी मासा आणलाय, एवढ्यानेच माझा जीव निवायचा. तेव्हाच मी ठरवलं होतं, माझ्या मुलीचं बाळंतपण करीन तेव्हा हे असंच करायचं.

मग कोरोनाची साथ आली आणि माझा वास गेला. सगळ्यांचा जातो, येतो परत, असं सगळे म्हणत होते. माझा आला नाही. घरातले विचारून विचारून दमले तेव्हा एकदा मी "आला हो" म्हणून टाकलं आणि विषय मिटवला. मालवणी बाईला मासळीचा वास येत नाही, हे सांगायचं कुणाला? बांगडा, सुरमई डोळ्यांवर निभावून नेली. फोडणी घड्याळ लावून केली. गॅसचं बटण रोज तीनतीनदा तपासलं. मोरी मात्र तेव्हापासून घरात आणली नाही.

आई गेली तेव्हा गावी गेले. पूर्वी स्टँडवर उतरलं की सुकत घातलेली मासळी, ओली जाळी, कुणाच्या तरी चुलीवरचं खोबरं असं सगळं एकदम अंगावर यायचं आणि पोचल्यासारखं वाटायचं. त्या दिवशी काहीच आलं नाही. रिक्षा दारात थांबली, भावाने बॅग घेतली, तरी मी कुठल्या तरी फोटोत उभी असल्यासारखी उभी होते. आईची साडी तोंडाला लावून बसले. कापड होतं नुसतं. त्या दिवशी आईसाठी रडले की माझ्या नाकासाठी, हे मला अजून सांगता येत नाही.

यंदा मुक्ता बाळंतपणाला धायरीला आली. बाळ दहा दिवसांचं झालं आणि माझा धीर सुटला. म्हटलं, एकदा तरी मोरी करायचीच. कर्वेनगरच्या एका दुकानातून सोललेले पांढरेशुभ्र तुकडे घेतले. वास येत नाही तर येत नाही, निदान चांगले दिसतायत, अशी मनाची समजूत घातली. आईने आयुष्यभर जे करू नको म्हणून सांगितलं, नेमकं तेच केलं. कढई उकळायला लागली आणि मुक्ता नाकाला ओढणी लावून स्वयंपाकघरात आली.

"आई, अगं टॉयलेट क्लीनर सांडलंय का कुठे?"

मी कढईवर नाक नेलं, काही कळलं नाही. आमच्या शेजारच्या काकांनी खिडकीतून शांतपणे विचारलं, "प्रयोगशाळा किती वाजेपर्यंत चालू आहे?" मुक्ताने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं. "तुला येतच नाहीये ना वास? इतकी वर्षं?" मी कबूल केलं. वाईट मासा लेकीच्या ताटात वाढणार होते, ह्याची मला इतकी लाज वाटली की कढई गॅसवरून उतरवायचंही भान राहिलं नाही.

हे सगळं ऐकायला नेमक्या आमच्या विहीणबाई हजर होत्या. हडपसरच्या जुन्या शेतकरी घरातल्या. जमिनीवर आता टॉवर उभे आहेत, पण बोलणं आणि कासोटा दोन्ही तेच. मटण खातात, मासा त्यांनी कधी तोंडात घातलेला नाही. नातू बघायला आल्या होत्या. बाळाला मांडीवर थोपटत म्हणाल्या, "येवढंच ना? माझं नाक हाय की. चला उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही दोघी मासळीबाजारात. अख्ख्या, कातडीसकट मोऱ्या ओळीने मांडलेल्या. विहीणबाईंनी आधी पदर नाकाला लावला, मग देवाचं नाव घेऊन काढला आणि वाकल्या. पहिलीला म्हणाल्या, "ह्याला गोठ्याचा वास हाय. आठ दिस न झाडलेल्या." दुसरीला, "हे तर युरियाचं पोतं फोडल्यावानी." मी थक्क झाले. आई वेगळ्या शब्दांत नेमकं हेच सांगायची. पाचवी मोरी हुंगायला लागल्या तेव्हा मासेवाला म्हणाला, "ताई, अत्तराचं दुकान पुढच्या गल्लीत आहे." विहीणबाई ढिम्म हलल्या नाहीत. सहावीवर दोनदा वाकल्या. "ह्याला कायबी नाय. नुसता खाऱ्या पाण्याचा. ही घ्या."

घरी सोडण नव्हतं, तारेच्या घासणीने कातडी काढली. विहीणबाई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. त्यांच्या नाकावर मी रांधत होते. "आता खोबरं लागाया लागलं, काढा." "कांदा झाला." "आता, आता काय तरी गोड यायलंय." मी म्हटलं, ती मोरी शिजली.

मुक्ता जेवायला बसली. एक घास घेतला, दुसरा घेतला, मग भात आणखी मागितला. मीही बसले. जिभेला खारट लागलं, आंबट लागलं, तिखट लागलं. त्याच्या मागचं सगळं रिकामं. न राहवून मी विहीणबाईंना विचारलं, "वास कसा येतोय हो?"

त्यांनी माझ्या ताटावर वाकून पुन्हा एकदा हुंगलं. "आता काय सांगू, ताई. मला इतका न्हाई आवडला. पर भरल्या घराचा हाय."

मी ताटावरून उठले आणि बेसिनपाशी जाऊन पोटभर रडले. मुक्ता तिथूनच ओरडली, "रडू नकोस, पुढच्या वेळी मी येते बाजारात. मला शिकव घ्यायला."

मी काय शिकवणार? शिकवणार विहीणबाई. दर्याकाठच्या बायांची विद्या माझ्या लेकीला आता हडपसरच्या गोठ्यातून मिळणार, तीही मासा न खाणाऱ्या बाईकडून. गाव कुठलं विचारलंत तर मी वेंगुर्लंच सांगेन, मरेपर्यंत. घर मात्र आता मला एकटीला ओळखता येत नाही. ते कुणीतरी हुंगून सांगावं लागतं. तोंड धुऊन आले तर विहीणबाई बशीत रस्सा घेऊन, डोळे घट्ट मिटून, मासळीचा आयुष्यातला पहिला घास घेत होत्या.