हात वर करा म्हणणाऱ्या शकुनताई

आमच्या सरपंच शकुनताईंना एक खोड होती. गावातला प्रत्येक प्रश्न हात वर करायला लावून सोडवायचा. संत्र्यांचे ट्रॅक्टर कुठल्या रस्त्यानं न्यायचे, दिव्याचा खांब कुठं रोवायचा, सगळं हातांवर. मी ग्रामसेवक. हात मोजायचे आणि वहीत लिहायचे, एवढंच माझं काम. वरूड तालुक्यात अशी सरळ ग्रामसभा दुसरी नाही, असं मीच चारचौघांत मिरवायचो.

एका ग्रामसभेत तीच खोड अंगाशी आली. पार्बताबाईच्या नातीनं, दामिनीनं, अकोल्यात जातीबाहेर लग्न केलं होतं आणि म्हातारीनं दोघांना घरात घेतलं होतं. पंचायतीचे एक सदस्य, खुशालराव, उठले आणि म्हणाले, म्हातारीचा नळ तोडा, टाका ठरावाला. शकुनताई काही बोलायच्या आत हात वर गेले. त्यांच्या नवऱ्याचा, देवीदासचाही. पार्बताबाई पायरीजवळ मान खाली घालून बसली होती. त्या नळाशिवाय तिला पाणी नव्हतं. पण मी पडलो भित्रा माणूस. पेनाचं टोपण काढून तयार होतो.

शकुनताईंना घाम फुटला होता. मागच्या वर्षी आम्ही दोघं अमरावतीला प्रशिक्षणाला गेलो होतो. तिथल्या मॅडम सांगत होत्या, संसदेला संविधानात बदल करता येतो, पण त्याची मूळ चौकट मोडता येत नाही, आणि सगळ्यांना समान वागवणं त्या चौकटीतच येतं. आम्ही बाकीचे पेंगत होतो. शकुनताईंनी मात्र विचारलं होतं, सगळ्यायनं हात वर केले तरी? तरीही, असं मॅडम म्हणाल्या होत्या.

"हात मोजू नका, भाऊ," शकुनताई आता मला म्हणाल्या. "हे मताले टाकाचंच नाई."

खुशालराव तापले. आजवर सगळं हातांवर ठरलं, मग आजच काहून नाही, असं विचारू लागले. ऐकत नसाल तर अविश्वास ठराव आणू, असंही म्हणाले.

"आणा. मले खुर्चीवरून काढाचं तुमच्या हातात हाय. पार्बताबाईचं पाणी नाई."

हे वहीत लिहा, असं त्यांनी मला सांगितलं. मी लिहिलं. ते अक्षर आजही धड वाचता येत नाही.

महिन्याभरात अविश्वासाची नोटीस आली. ती द्यायला मी सकाळी गेलो, तर ताई घरी नव्हत्या. नळ सुटायची वेळ होती. त्या पार्बताबाईच्या ओट्यावर बसून नळाखालच्या पितळी गुंडाकडे, पाण्याच्या त्या मोठ्या भांड्याकडे, पाहत होत्या. गुंड काठोकाठ भरला, तेव्हाच त्यांनी नोटिशीवर सही केली.