संकष्टीची केळी

“नितीन, केळी माझ्या तंबूतच राहू देत. चालेल ना?”

कुंदाकाकूंचा फोन आला तेव्हा मी बॉनच्या ऑफिसात डबा खात होतो. आमचं छोटं राइझेब्युरो आहे, म्हणजे ट्रॅव्हल ऑफिस. आफ्रिकेतल्या कॅम्पिंग सफारींचं काम माझ्याकडे. काकू म्हणजे आमचे क्लायंट संजय यांच्या आई. सत्तरीच्या, पुण्याहून जर्मनीत लेकाकडे आलेल्या. त्या वेळी सगळं कुटुंब आफ्रिकेतल्या एका पार्कात होतं.

त्या कॅम्पला कुंपण नव्हतं. आमच्या धंद्यात याला ‘अनफेन्स्ड’ म्हणतात. जनावरं तंबूंमधून मोकळी फिरतात आणि लोक त्यासाठीच जातात. म्हणून एक नियम कडक असतो. खाण्याची कुठलीही वस्तू तंबूत ठेवायची नाही. सगळं स्वयंपाकाजवळच्या लोखंडी पिंजऱ्यात. हत्तीला फळाचा वास फार लांबून येतो. आमच्या मेर्कब्लाटवर, म्हणजे सूचनांच्या कागदावर, हे पहिलंच वाक्य आहे. मीच लिहिलंय, जर्मनमध्ये आणि मराठीतही.

“काकू, केळी पिंजऱ्यात ठेवायची असतात.”

“अरे, तिथे मांस लटकवलंय. उद्या संकष्टी. त्याच्याखाली ठेवलेली केळी उपासाला खाऊ? त्यापेक्षा चंद्रोदयापर्यंत तशीच राहीन.”

राहिल्याही असत्या. शिवाय संजयच्या ओळखीची काही मराठी कुटुंबं पुढच्या ट्रिपचा विचार करत होती. काकूंना नाराज करणं मला परवडणारं नव्हतं. मी म्हटलं, “बरं, डब्यात घट्ट झाकून ठेवा. आणि टेंडाईला सांगू नका.”

टेंडाई हा तिथला गाइड, कॅम्पची सगळी जबाबदारी त्याची. त्याला सांगू नका, असं मी का म्हणालो, ते मला अजून कळत नाही असं लिहिणार होतो. पण कळतं. तो नाही म्हणाला असता.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला सगळे झाडाखाली चहा पीत होते. टेंडाई गाडी घेऊन पाणी भरायला गेला होता. एकटा नर हत्ती आला, डावा कान खालून फाटलेला. सरळ काकूंच्या तंबूकडे गेला. कापड फाडलं, डबा पायाखाली फोडला, केळी खाल्ली आणि आल्या वाटेने निघून गेला. कोणाला ओरखडाही आला नाही.

संजयने व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवले. पाठोपाठ काकूंचा फोन.

“संकष्टीला स्वतः आले रे. माझा नैवेद्य घेऊन गेले.”

मी हसलो. मलाही बरं वाटलं, हे कबूल करतो.

तासाभराने टेंडाईचा फोन आला. “तंबूत खायला काही होतं का?”

“काकू काय म्हणतात?”

“नव्हतं म्हणतात. म्हणून तुला विचारतोय.”

काकूंनी माझा शब्द पाळला होता. “मग नसेल,” मी म्हणालो.

काकूंच्या खाटेखाली केळ्यांचा दुसरा डबा शाबूत होता. दुसऱ्या दिवशी टेंडाईची नजर चुकवून त्यांनी ती केळी तंबूमागे कागदावर मांडली, पुढे हात जोडून उभ्या राहिल्या. हत्ती परत आला. हे मला संजयच्या पुढच्या फोटोवरून कळलं. तेव्हा तरी टेंडाईला फोन करायचा. मी काय केलं, तर फाटलेला तंबू फोटोतून कापला आणि उरलेला फोटो ऑफिसच्या वेबसाइटवर टाकला.

“हेर पाटणकर, हा इतका जवळ कसा?” आमच्या बॉस फ्राऊ केलर यांनी विचारलं.

“शांत स्वभावाचा आहे.”

“गेनाऊ, अगदी असेच फोटो हवेत,” त्या म्हणाल्या.

अडीच महिन्यांनी टेंडाईचा फोन आला.

“फाटक्या कानाचा तो हत्ती आठवतो? काल पार्कवाल्यांनी गोळी घातली.”

तो एकेका कॅम्पमध्ये तंबू फाडत सुटला होता. गेल्या आठवड्यात त्याने एक तंबू उलथवला, आत बाई होती. तिचा हात मोडला. तिच्याजवळ खायला काहीच नव्हतं. पण तंबू म्हणजे खाणं हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. अशा जनावराचं नाव ‘प्रॉब्लेम अॅनिमल’च्या यादीत जातं, आणि त्या यादीतून नाव सहसा बाहेर येत नाही.

“मला एकच कळत नाही,” टेंडाई म्हणाला. “याला शिकवलं कोणी?”

मी सांगितलं.

“त्या दिवशी सांगितलं असतंस तर मी कॅम्प महिनाभर दुसरीकडे नेला असता. दोन-चारदा काही मिळालं नसतं, तर त्याने नाद सोडला असता.” मग म्हणाला, “आणि वेगळा लोखंडी डबा होता माझ्याकडे. मांसापासून लांब ठेवला असता. मागायचास तरी.”

फ्राऊ केलर यांना मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. त्यांनी वेबसाइटवरून तो फोटो काढून टाकायला लावला. मग मेर्कब्लाट समोर घेतला.

“आल्झो, तर मग, हे पहिलं वाक्य कोणी लिहिलं?”

“मी.”

“मग मी वेगळं काय बोलू?”

राहिल्या काकू. त्या पुण्याला परतल्या होत्या. हत्तीचा तो फोटो त्यांनी फ्रेम करून देवाजवळ ठेवला होता आणि दर संकष्टीला फोन करून विचारायच्या, “आपले महाराज कसे आहेत?” हत्ती गेल्यावरही दोनदा मी “बरे आहेत” म्हणालो. तिसऱ्यांदा जीभ वळली नाही. खरं सांगितलं. मला वाटलं, त्या रडतील, स्वतःला दोष देतील. मी समजूत घालायची तयारीही केली होती.

“मला काय कळतंय रे तिथलं,” काकू म्हणाल्या. “म्हणून तर तुला विचारलं होतं.”

त्यानंतर त्यांचा फोन आलेला नाही.

आता उपास करणारं कोणी ट्रिपला असलं की मी टेंडाईला वेगळा डबा आधीच सांगून ठेवतो. एका फोनचं काम आहे. तेव्हाही एका फोनचंच होतं.