चुकीच्या कपाळी कुंकू

मी एकदा एका परक्या बाईला भर मेळ्यात कुंकू लावून माझी सून करून टाकलं. तिला नवरा होता. तिला मुलगीही होती, आणि ती मुलगी त्या वेळी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर कपबशीच्या पाळण्यात गरागरा फिरत होती. मला यातलं काहीच दिसलं नाही. डोळ्यांवर चष्मा होता, तोही नवा.

तेव्हा मी चोपन्न वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायला बराच अवकाश होता.

परवा मुलीकडच्या नातीने मला पुन्हा तसल्याच एका मेळ्याला नेलं. महामार्गालगतचा तोच पत्र्याचा अवाढव्य हॉल. आत एसी, खाली लाल गालिचा, वर रंगीबेरंगी दिवे, आणि बाहेर ऊन आहे की सांज झाली हे कळायला काही मार्ग नाही. उघड्यावरच्या जत्रेतला आवाज निदान वर उडून तरी जातो. इथे तो पत्र्याला आपटून परत आपल्याच कानात येतो. नात झुकझुक गाडीत बसली आणि मी बाकावर. पण बसणं कसलं, माझे पाय सारखे हलत होते. गाडीतूनच ती ओरडली, "आजी, पाय नको हलवूस, लक्ष्मी जाते!" म्हटलं, जाऊन जाऊन जाईल कुठे, दाराशी एवढी गर्दी आहे. ती लांब गेली आणि पाय पुन्हा हलायला लागले. तिथल्या पॉपकॉर्नच्या लोण्याचा आणि नव्या गालिच्याचा वास नाकात गेला की माझ्या अंगात आजही तीच चुळबुळ सुरू होते.

त्याचं असं झालं.

आम्ही फुलं पिकवणारी माणसं. शेवंती, झेंडू, थोडा गुलाब. पहाटे तोडायची आणि उजाडायच्या आत पंचवटीत बाजाराला पोचवायची. शहर आमच्या बांधाला येऊन टेकलं होतं, पण माझ्या मुलाला मुलगी मिळत नव्हती. शेतकरी नवरा कोणालाच नको. मुलींचे बाप स्वतः शेतकरी, तरी जावई त्यांना नोकरीवालाच पाहिजे. दोनतीन ठिकाणी समोरासमोर माना डोलावल्या, पोहे खाल्ले, आणि संध्याकाळी फोनवर निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका आम्ही दिलीच नव्हती.

पोरगा तिशी ओलांडून बराच पुढे गेला होता. तोंडाने तो चकार शब्द काढायचा नाही, पण त्याने लग्नांना जाणं बंद केलं होतं. आमच्याच फुलांनी मांडव सजायचे, आणि हा टेम्पो रिकामा करून मागच्या मागे निघून यायचा. जेवायलासुद्धा थांबायचा नाही. आईला ते बघवत नाही. आईला बघवत नसलं की ती काय करते? लुडबूड करते.

तर एक स्थळ आलं पिंपळगाव बसवंतचं. मुलगी द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये नोकरीला. परदेशी जाणारे घड तपासायचं तिचं काम. एक मणी डागी दिसला की घड बाजूला. तिने निरोप धाडला, पोह्यांचा कार्यक्रम नको, आधी आम्ही दोघंच बाहेर कुठेतरी भेटतो, मग घरच्यांचं बघू. महामार्गावर मेळा लागलाय, तो दोघांनाही सोयीचा. मुलाने मला बजावलं, "आई, तू यायचं नाहीस. तू नाही, काकी नाही, कोणीच नाही."

"मी कशाला येते बाबा? मला शेवंती खुरपायचीय," असं म्हणून मी खुरपं हातातसुद्धा घेतलं.

त्याची मोटारसायकल वळणाआड गेली, आणि मी आणि माझी धाकटी जाऊ रिक्षात.

माझ्या पिशवीत नारळ, खण, तांदळाची पुरचुंडी आणि कुंकवाची डबी. आमच्यात मुलीच्या कपाळाला कुंकू लावून तिच्या ओटीत नारळ घातला की मुलगी ठरली. मग मागे फिरायचं नसतं. फिरलं तर चार गावांत तोंड दाखवायला जागा राहत नाही. माझा बेत अगदी साधा होता. मुलगी दिसली, बरी वाटली, की तिला विचार बदलायला सवडच द्यायची नाही. आता आठवलं की त्या चोपन्न वर्षांच्या बाईच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो.

दारातच पहिला अपशकुन झाला. पहारेकऱ्याने पिशवीत हात घालून नारळ वर काढला. "माताजी, बाहर का खाना अलाऊड नहीं."

"अरे बाबा, हे खाण्याचं नाही, ओटीचं आहे."

"किसी को फेंक के मारा तो?"

"कोणाला मारू? सुनेला?" माझ्या तोंडून गेलं. जाऊ पदर तोंडाला लावून हसायला लागली. नारळ दारातच राहिला. तिथूनच परत फिरले असते तरी काही बिघडलं नसतं, पण मला दम कुठला! कुठे शोधायचं, कोणाला शोधायचं? एकीकडे टोराटोराचा पाळणा घरघरतोय, एकीकडे पोरं किंचाळताहेत, 'हा दिल्लीचा पापड' म्हणून कोणीतरी घसा फोडतोय. गोल टोपल्याएवढे पापड, त्यांच्यावर लाल मसाला. मी दोन पावलं पुढे जायची, परत मागे यायची. खांबाआड उभी राहायची, मग तिथूनही निघायची. जाऊ म्हणाली, "ताई, एका जागी तरी थांबा, मला तुम्हालाच बघून चक्कर येतीय."

मग मला सुचलं की उंचावरून बघावं. आत एक छोटा आकाशपाळणा होता, वर गेला की डोकं पत्र्याला लागेल की काय असं वाटणारा. आम्ही दोघी त्यात बसलो. जाऊने डोळे गच्च मिटले. "माझा जीव चाललाय, ताई. तुम्ही बघा सून."

आणि मला दिसला की माझा मुलगा! कपबशीच्या पाळण्याजवळ उभा, आणि शेजारी पिवळ्या कुर्त्यातली एक मुलगी. स्थळाबरोबर मोबाईलवर आलेल्या फोटोतही पिवळाच कुर्ता होता. ती काहीतरी म्हणाली, तो हसला. माझा मुलगा हसला! कित्येक महिन्यांत मी ते बघितलं नव्हतं. पाळणा खाली आला, वर गेला, पुन्हा खाली आला. थांबायचं नावच घेईना. मी वरूनच ओरडले, "थांबव रे बाबा, आम्हाला उतरायचंय!" पाळणेवाला म्हणाला, "फेरी पूर्ण होऊ द्या, मावशी." शेवटी उतरलो तोवर मुलगा कुठेतरी गेला होता आणि ती एकटी उभी होती. (नंतर कळलं, तिने त्याला तिकिटाची खिडकी कुठे आहे एवढंच विचारलं होतं. दोघं हसले, कारण ते त्या खिडकीखालीच उभे होते.)

आता नारळ तर दारात. ओटीत फळ तर हवंच. समोर मक्याची उकडलेली कणसं होती. मी म्हटलं, हे तर उत्तमच, धान्यही आहे आणि फळही. कणीसवाला लिंबू-मसाला चोळायला लागला, मी म्हटलं, "नको चोळू, शुभकार्य आहे."

मी त्या मुलीपुढे जाऊन उभी राहिले. "पोरी, जरा कपाळ पुढे कर."

नुकतीच संक्रांत झाली होती. हळदीकुंकवाचे दिवस. कोणी अनोळखी बाई कुंकू लावायला आली तर नाही कोण म्हणतंय? तिने आनंदाने मान झुकवली. मी कुंकू लावलं, तिच्या ओढणीत तांदूळ घातले, खण घातला, आणि वर ते वाफाळतं कणीस.

"आजपासून तू आमची," मी म्हटलं.

"हो ना, काकू," ती हसत म्हणाली. "आणि वाण काय, कणीस! हे कोणीच देत नाही." ती वाकून माझ्या पाया पडली. तेवढ्यात कपबशी थांबली. त्यातून एक चिमुरडी झिंगत झिंगत आली. "ये गं पिल्ल्या," ही तिला म्हणाली, "आजीच्या पाया पड."

मी सासू व्हायच्या आत आजी झाले होते.

"ही कोण?" मी विचारलं.

"माझी मुलगी, काकू. हिचे पप्पा भेळ आणायला गेलेत."

जाऊ माझ्या कानाशी म्हणाली, "ताई, लय मोठा घोटाळा झाला. मागं बघू नका."

मी बघितलं. मागे माझा मुलगा उभा होता. दसरा उलटल्यावरच्या झेंडूसारखं तोंड झालं होतं त्याचं. त्याच्या बाजूला निळ्या स्वेटरमधली एक मुलगी, हातात तो टोपल्याएवढा पापड. तिने सगळं बघितलं होतं. पापड तिने अजून मोडला नव्हता.

"आई," मुलगा म्हणाला. बाकी काही नाही.

"आम्ही आपलं सहज आलो होतो," जाऊ म्हणाली. "पापड खायला."

निळ्या स्वेटरवाली माझ्या हातातल्या कुंकवाच्या डबीकडे बघत होती. "काकू, हे माझ्यासाठी आणलं होतं?"

खोटं बोलावं तर बोटं लालेलाल. "हो," मी म्हटलं.

"आणि मला विचारायच्या आधीच लावणार होतात?"

मी डबीचं झाकण लावून ती पिशवीत कोंबली. मुलगा जमिनीकडे बघत होता. तो कधी चिडत नाही, हेच वाईट. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. मला कळून चुकलं की ही पण गेली, आणि या वेळी बापाने नाही घालवली, शेतीने नाही घालवली. मी घालवली.

तिने पापड मुलाच्या हातात दिला. "हा धरा." आणि मला म्हणाली, "चला काकू, आपण दोघी कपबशीत बसू."

"दोघीच?"

"दोघीच."

बसले. पाळणा सुरू झाला. मधलं ते चाक तिने दोन्ही हातांनी धरलं आणि असं काही फिरवलं की हॉल, दिवे, पापडवाला, जाऊ, सगळं एकात एक कालवलं गेलं.

"पहाटे फुलं तोडायला सुनेला जावं लागतं?" तिने विचारलं.

मुलाला मी पढवून ठेवलं होतं, सांग, मजूर आहेत, घरच्या बायकांना जावं लागत नाही. पण पोटातलं सगळं ढवळून वर यायला लागलं की खोटं आधी गळून पडतं. "लागतं गं," मी म्हटलं. "मजूर येतात कधी, कधी नाही येत. मी अजून जाते."

"ते तर म्हणाले, घरच्या बायकांना जावं लागत नाही."

"मीच पढवलं होतं त्याला. त्याला खोटं बोलता येत नाही, कसं म्हणाला?"

"पापडाकडे बघून." तिने चाक अजून फिरवलं. "नोकरी सोडावी लागेल?"

"मी म्हणेन, सोड. मला म्हणायची खोड आहे. तू सोडू नकोस. आई गं... जरा हळू फिरव."

"तुम्ही नेहमी अशाच मागोमाग येता?"

"येते," मी म्हटलं आणि तिचा स्वेटर घट्ट धरला.

उतरल्यावर मला सरळ चालता येईना. तिनेच दंडाला धरून बाकावर बसवलं, पाण्याची बाटली दिली. मग मुलाला म्हणाली, "कळवते." त्याच्याकडे बघून नाही, बाटलीचं झाकण लावता लावता. तो एक शब्द आम्ही किती दारांत ऐकला होता!

घरी आल्यावर मुलाने मोटारसायकल लावली आणि तसाच मळ्याकडे गेला. आमच्या मालकांनी, पोराच्या बापाने, विचारलं, "बघितलास मेळा? भरलं पोट?" आमटीत मीठ घातलं की नाही ते आठवेना म्हणून पुन्हा घातलं. पुढचे कितीतरी दिवस मी मोबाईल पदराला बांधून खुरपत होते. वाजला की उठायची, मोबाईल कंपनीचा असायचा. मुलगा फुलं तोडायचा, बांधायचा, टेम्पो भरायचा. त्याचं ते गप्प बसून काम करणं मला खायला उठायचं. एकदा मी म्हटलं, "मीच फोन करून माफी मागू का तिची?" तो म्हणाला, "आई, आता तरी थांब."

थांबणं मला जमत नाही, पण थांबले. तेवढं एक काम मी त्या वर्षात धड केलं असेल.

आणि मग एका दुपारी, मी ओसरीवर हार ओवत होते, फोन वाजला. मुलाचा नाही, माझा. तिचा आवाज ओळखला आणि मी एका दमात सुरू झाले, पोरी, चूक माझी होती, त्याची नव्हती, त्याला तर मी येणार हे माहीतसुद्धा नव्हतं, माझ्या वेडेपणाची शिक्षा त्याला देऊ नकोस. सुई कुठे गेली, हार कुठे गेला, मला शुद्ध नव्हती. तिने मला सगळं बोलू दिलं. मी धापा टाकायला थांबले तेव्हा ती म्हणाली,

"काकू, मुलगा मला पसंत आहे. तुमचं मात्र अजून ठरलेलं नाही."