भांडणावर चालणारा हापसा

भांडणं मिटवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, लावणारी त्याहून जास्त पाहिली, आणि हॉटेलच्या किचनमध्ये कामाला असल्यामुळे दोन्हींकडच्या शिव्या मीच खाल्ल्या. पण दोन माणसं भांडताना दिसली की ज्याचा चेहरा लग्नातल्या मुलीच्या मामासारखा फुलायचा, असा माणूस अख्ख्या जर्मनीत एकच होता, आणि तो आखनला आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्या बरोब्बर खालच्या मजल्यावर राहायचा. मी त्यांना नुसतं काका म्हणायचो. मूळचे पुण्याचे. शिकलेले इंजिनियर, आणि सगळी नोकरी आफ्रिकेतल्या खेड्यापाड्यांत पाण्याचे हापसे बसवण्यात गेलेली. मी सातवी नापास, इंडियन रेस्टॉरंटात आचारी. नवीन होतो तेव्हा जर्मनमधलं मला फक्त 'जा' यायचं, म्हणजे 'हो', आणि ते मी नेमकं नको तिथे म्हणायचो.

काकांच्या घरात मीठ नसायचं. संपलेलं नव्हे, आणलेलंच नसायचं. संध्याकाळी पितळेची एक वाटी घेऊन माझ्या दारात उभे. "महाराज, मीठ." मला वाटलं, म्हातारा एकटा आहे, बायको गेलेली, मुलगी हॅनोव्हरला, दुकानात जायला होत नसेल. म्हणून मी उदार होऊन हॉटेलातून मिठाची अख्खी पिशवीच आणून दिली. तर असे भडकले! "अरे, आता मी तुझ्याकडे कशाला येऊ? तोडलास ना संबंध!" पिशवी परत माझ्या डोक्यावर. त्यांचा नियमच होता, घेतलेलं परत द्यायचं, पण माप जुळवायचं नाही, थोडं कमी द्यायचं नाहीतर थोडं जास्त. "जुळलं की संपलं. मग माणूस दार लावून आत बसतो." मला तसंही आयुष्यात काही जुळवता आलेलं नाही, त्यामुळे या विषयात मी त्यांचा पहिल्या नंबरचा विद्यार्थी.

बिल्डिंगच्या तळघरात कपडे धुवायची एक सामायिक खोली होती. इकडे तिला वाशक्युशे म्हणतात. दोन मशीन, आणि कुणाची पाळी कधी ते दारावर लावलेलं. मला ते वाचता येत नव्हतं, मशीन रिकामं दिसलं की मी घुसायचो. एकदा असाच हॉटेलचा ॲप्रन टाकायला गेलो. आत आधीपासून काहीतरी पांढरं होतं, म्हटलं असू दे, एवढ्याने काय होतंय. ॲप्रनला आठवडाभराची हळद. ते पांढरं होतं तिसऱ्या मजल्यावरच्या जर्मन आजींचा, त्यांच्या आईने विणलेला टेबलक्लॉथ. तो असा पिवळाधमक निघाला की नवरीला नेसवावा. आजी जिन्यात उभ्या राहून ओरडायला लागल्या आणि मी घाबरून प्रत्येक वाक्याला "जा, जा" म्हणत होतो. नंतर कळलं, त्या विचारत होत्या की हे तू मुद्दाम केलंस का. सगळे दारं उघडून बाहेर आले. आणि काका? काका पायरीवर बसून टाळ्या वाजवायचेच काय ते बाकी! म्हणाले, "महाराज, चार वर्षांत या बाईने कुणाशी एवढं बोललेलं मी ऐकलं नाही. जा, वरण-भात घेऊन जा तिच्याकडे." मी गेलो. आजी दाराची साखळी न काढता रागाने बघत राहिल्या, मग फटीतून डबा तेवढा आत घेतला. पुढच्या आठवड्यात डबा परत आला, त्यात सफरचंदाचा केक. टेबलक्लॉथ अजून पिवळाच आहे, आल्या-गेल्याला दाखवतात.

आखनच्या मराठी मंडळींच्या गणपतीत काकांनी मला कानात सांगितलं, वाट्या मुद्दाम कमी आण, लोक एकमेकांकडे मागतील, बोलतील. मी आणल्या कमी. लोक बोलले, पण मलाच. आयटीवाल्या एक वहिनी म्हणाल्या, "अहो, तुम्हाला मोजता येत नाही का?" मी म्हटलं, "जा."

हे सगळं खूळ कुठून आलं ते काकांनी मला वाशक्युशेतच सांगितलं, मशीन गरगरत असताना. मलावीत एका टेकडीवर दोन वाड्या होत्या, एक वर, एक खाली, आणि दोन्हींच्या मध्ये घळीत एक जुनी विहीर. दोन्हीकडच्या बायका तिथे यायच्या, रांगेवरून रोज कडाकडा भांडायच्या. काकांना दया आली. त्यांनी प्रत्येक वाडीला स्वतःचा हापसा दिला, दारापाशी. केवढा सत्कार झाला म्हणे, शाकाहारी माणसासाठी बकरा कापला! काही वर्षांनी परत गेले तर पाणी दोन्हीकडे धो धो, पण वरच्या वाडीत माणूस मेलं तर खालून कुणी येत नव्हतं. दोघांनी मिळून टेकडीवर लावलेली झाडं होती, ती कुणाची राखायची यावरून कुणीच राखली नाहीत, तोडून सरपण झालं. जुनी विहीर बुजलेली, पेरणीला एकमेकांकडे जाणं बंद, धान्याचं सामायिक कोठार बंद. "आमच्या रिपोर्टात दोन्ही हापसे पास," काका म्हणाले. "पाणी येतंय ना? गेनाऊ, बरोब्बर, पास! त्या विहिरीवर बायका नुसतं पाणी भरत नव्हत्या रे. ते मी बंद करून आलो." आणि माझे धुतलेले मोजे माझ्याच हातात देऊन वर निघून गेले.

गेल्या उन्हाळ्यात वरच्या वाडीचा हापसा बंद पडला. आतलं रबर गेलं होतं, आणि ते रबर फक्त काकांकडे, कारण हापसा त्यांच्याच डोक्यातून निघालेला. वरच्या वाडीच्या मुखियाचा फोन आला, लवकर पाठवा. काकांनी पाकीट तयार केलं, मला बरोबर घेऊन पोस्टात गेले, आणि मोठ्याने पुटपुटत पत्ता घातला खालच्या वाडीचा! तिथला हापसा सांभाळणाऱ्या एका बाईंच्या नावाने. मी म्हटलं, "काका, चुकलं. मला वाचता येत नाही तरी कळतंय."

"चुकलं नाही. आता वरच्यांना खाली मागायला यावं लागेल. आणि बसवता येतं फक्त त्या बाईला, तिला वर चढावं लागेल."

"आणि नाही आले तर?"

"तर वरची पोरं नदीचं पाणी पितील," काका म्हणाले, "आणि ते पाप माझं."

वरच्या वाडीचा मुखिया चिडला, फोन उचलेना. खालच्या बाईंचा फोन लागेना. दुसरं रबर काढून सरळ वर पाठवून द्यावं, म्हणून काका रोज पाकीट भरायचे आणि रोज रिकामं करायचे. त्यातच आमच्या मालकाने प्रत्येक घराच्या बाथरूममध्ये वॉशिंग मशीनची सोय करून दिली. सगळे खूश, सगळ्यांत जास्त मी. बायकोला व्हिडिओ कॉलवर मशीन चालू करून दाखवलं, नारळ फोडायचा बाकी ठेवला. तळघरातली मशीनं गेली, तिथे सायकली आल्या. काका मीठ घ्यायला आले तेव्हा माझं मशीन आतून घुरघुरत होतं. "झाली वरची वाडी, खालची वाडी," एवढंच म्हणाले. मी हसलो. मला वाटलं, विनोद केला.

थंडीत त्यांना हॉस्पिटलात नेलं. मी भेटायला गेलो की पहिला प्रश्न, "काही आलं का?" मी म्हणायचो, येईल. शेवटच्या दिवशी विचारलं नाही, माझ्याकडे नुसतं बघितलं. मी नेहमीसारखा भलतंच काहीतरी बडबडत बसलो, हॉटेलात डाळ कशी करपली ते.

मुलगी हॅनोव्हरहून घर आवरायला आली. तिला मराठी कळतं, पण बोलते जर्मनमध्ये. खोकी भरता भरता काकांच्या फोनवर वरच्या वाडीच्या मुखियाच्या नंबरवरून आवाजाचा निरोप आला. तिने लावला. आपल्याला काय कळणार, कुठली भाषा, कुठल्या बायका! पण एक आवाज चढला, दुसरा त्याच्यावर चढला, तिसरीने मध्येच कुणाला तरी झापलं, भांडं आपटलं, आणि या सगळ्याच्या खाली हापशाचा दांडा कुरकुरत होता, वर-खाली, वर-खाली.

"वास इस्ट दास?" ती घाबरून म्हणाली. हे काय आहे? "भांडताहेत?"

मी म्हटलं, "जा." या वेळी बरोबर ठिकाणी.

"पापाला वाईट वाटलं असतं."

मी परत एकदा लावायला सांगितलं. मग अजून एकदा. तिला वाटलं, हा माणूस ठार वेडा आहे.

त्यांची पितळेची वाटी माझ्याकडेच राहिली होती. शेवटचं मीठ घ्यायला आले ते वाटी ओट्यावर विसरून मशीनचा आवाज ऐकून तसेच खाली गेले होते. मुलीला द्यायला काढली, दिली नाही. संध्याकाळी वर तिसऱ्या मजल्यावर जाऊन दार वाजवलं. आजींनी साखळीतून पाहिलं.

"आचारी ना तू? तुझ्याकडे मीठ नाही?"

मी मान हलवली. त्यांनी वाटी ओळखली असावी, जिन्यात काकांच्या हातात रोज दिसायची. साखळी काढली, वाटी आत नेली आणि काठोकाठ भरून आणली. खाली येताना जिन्यात अर्धं सांडलं. परत करेन तेव्हा माप काही जुळायचं नाही.