होडीसाठी प्लाय

वडील साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले आणि त्यांनी होडी करायला घेतली. देवळाली प्रवऱ्याच्या घरामागे पत्र्याची शेड आहे, तिथं. आई म्हणाली, "पोहता येत न्हाई, अन् होडी?" वडील हसले. बंधाऱ्याच्या फुगवट्यात एकट्यानं वल्हवत जायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

सांगाडा त्यांनी झपाट्यानं उभा केला. जुन्या सागवानी चौकटी फाडून फासळ्या काढल्या, घासून इतक्या गुळगुळीत केल्या की हात फिरवत राहावंसं वाटे. आता वरून प्लाय चढवायचा होता. तो पाण्यात टिकणारा, खरा मरीन प्लाय हवा होता. मी नोकरीसाठी केडगावात राहतो, नगरची दुकानं मला जवळ. म्हणून आणायचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्याच दुकानदारानं एक तुकडा काढून दिला. "मरीनच हाय. किचनच्या ट्रॉलीला हाच जातो. लिहून देतो."

खरा मरीन प्लाय उकळला तरी सुटत नाही, म्हणून वडिलांनी तो तुकडा चुलीवरच्या पातेल्यात उकळायला टाकला. दुपारपर्यंत त्याचे पापुद्रे पोळीसारखे सुटले. त्यांनी ते ओट्यावर एकाशेजारी एक मांडले आणि म्हणाले, "दुसरीकडं बघ."

दुसरीकडे, तिसरीकडे, श्रीरामपुरात, सगळीकडे बघितलं. सगळ्यांच्या मालावर मरीनचा शिक्का होता, आणि उकळल्यावर सगळ्यांचं तेच होत होतं. एक दुकानदार वैतागून म्हणाला, "साहेब, तुमी प्लाय घेताय का भाजी शिजवताय?" पुण्याच्या एका व्यापाऱ्याकडे खरा माल होता, पण दोन-चार शीटसाठी तो गाडी पाठवायला तयार नव्हता. सांधे बुजवायचं इपॉक्सीही तसंच. आमच्या हार्डवेअरवाल्याकडे बोटाएवढ्या ट्यूबा, आणि व्यापाऱ्याकडे थेट मोठा पिंप. मी फोन करायचो, तो म्हणायचा, "नगरकडची गाडी भरली की टाकतो." गाडी काही भरत नव्हती.

त्याच काळात वडिलांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहा बशीत सांडायचा. मग सदऱ्याची बटणं आई लावू लागली. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. हा आजार हळूहळू वाढत जातो, असंही सांगितलं. घरी येताना गाडीत वडील एकच बोलले, "प्लायचं काय झालं?"

शेवटी मीच रजा काढून टेम्पो घेऊन पुण्याला गेलो. प्लाय मिळाला. इपॉक्सी त्यानं पिंपातून डब्यात काढून दिलं, पण त्यात मिसळायचं हार्डनर संपलं होतं. "कुरिअरनं पाठवतो," व्यापारी म्हणाला. त्याच्याशिवाय इपॉक्सी म्हणजे नुसता पाक, कधीच आळणार नाही. हार्डनर यायला अख्खा उन्हाळा गेला. पार्सल आलं तेव्हा मी ते हातात धरून उड्या मारायचाच बाकी होतो.

रविवारी शेडमध्ये सगळं मांडलं. वडिलांनी नव्या प्लायचा उकळलेला तुकडा तपासला. एकही पापुद्रा सुटला नव्हता. त्यांनी तो गालाला लावला. मग शीटवर पट्टी ठेवून पेन्सिल टेकवली. रेघ सुरू झाली आणि लगेच नागमोडी गेली. त्यांनी खोडली. डाव्या हातानं उजवं मनगट दाबून पुन्हा ओढली, आणि ती पुन्हा तशीच गेली. त्यांनी पेन्सिल पट्टीशेजारी ठेवून दिली.

"सुतार बोलावू या का?" मी विचारलं.

"बघ."

गावातला सुतार आला, फासळ्यांभोवती फिरला. "काम देखणं हाय, पण मला दारं-खिडक्या सांगा. ह्यात सरळ काईच न्हाई. महागाचा माल वाया जाईल." राहुरीचा मिस्त्री येतो म्हणाला, आला नाही. मला स्वतःला खिळासुद्धा सरळ ठोकता येत नाही, आणि हे वडिलांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

आता मी रविवारी गेलो की आम्ही दोघं शेडमध्ये बसतो. प्लाय भिंतीला टेकून उभा आहे, आईनं त्यावर जुनी चादर टाकलीय. वडील मला सांगतात, फळी आधी ओल्या फडक्यात ठेवायची, मग पुढच्या टोकाकडून हळूहळू वळवत आणायची, घाई केली तर तडकते. ते हवेत हातानं तो बाक काढून दाखवतात. हात मध्येच भरकटतो.

"कळलं का?"

"व्हय," मी म्हणतो. आणि ते पहिल्यापासून पुन्हा सांगू लागतात.